शेंडा नसलेलं झाड

आमचे मिझहर दाजी झाडावर चढताना गायचे. आवाज म्हणजे काय, गाढवानंही कान पाडावेत असा. मी शेजारच्या झाडावरून ओरडायचो, "दाजी, थांबा, खजूर नासतील!" ते खाली थुंकायचे आणि पुढचं कडवं घ्यायचे.

बसऱ्याजवळ अबू अल-खसीबच्या खजुरीच्या बागांत आम्ही दोघांनी जन्मभर हेच केलं. वसंत आला की नराचा फुलोरा काढायचा, त्याच्या काड्या मादीच्या फुलोऱ्यात खोचायच्या आणि वरून पातीनं बांधून टाकायचं. माणसाचा हात लागल्याशिवाय खजुरीला पोर होत नाही. चढायला आमच्याकडं तबलिया असते. पाठीमागं रुंद विणलेला पट्टा, त्याचा दोर झाडाभोवती. पट्ट्यावर मागं रेलायचं, दोर वर सरकवायचा, पाय पुढच्या खुंटावर. कापलेल्या झावळ्यांचे बुडखे म्हणजे खुंट, तीच आमची शिडी. दर झाडाचे खुंट वेगळे. दाजींचे डोळे बांधून चढवलं तरी अनवाणी पाय टेकताच सांगायचे, हे हलावी जातीचं, हे साइर, हे खाडीकडचं म्हातारं. त्यांची अक्कल तळपायात, असं माझी अक्का म्हणायची. अक्का म्हणजे नशमिया, माझी थोरली बहीण, त्यांची बायको.

त्या सकाळी ते एका उंच बरही खजुरीवर होते. एक फुलोरा पार मागच्या अंगाला होता. खाली उतरून फिरून यायचं सोडून, पट्ट्यावर कंबर मागं टाकून, धनुष्यासारखे वाकून त्यांनी हात लांबवला. मी म्हटलं, "दाजी, वय काय, कसरती काय!"

"तुझ्या बहिणीला विचार वय," ते म्हणाले आणि हसले. आणि गाणं थांबलं.

मी वळून बघितलं. ते तसेच वाकलेले. चेहरा मातीसारखा.

"खलफ, पाठीत कुणी सुरी मारली रे."

"उतरा हळूहळू."

"उतरतो," म्हणाले, पण हलेनात. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाय ऐकत नाहीत."

मी त्यांच्या झाडावर चढलो, दोरानं बांधून त्यांना खाली सोडलं. ओल्या कापडासारखे पाय लोंबत होते. सदरा खालून ओला झाला होता, त्यांना पत्ता नव्हता. जमिनीवर ठेवलं तेव्हा पाठीतली कळही थांबली होती. ते म्हणाले, "बघ, बरं वाटतंय." मला तेव्हाच भीती वाटली.

बसऱ्याच्या इस्पितळात मोठ्या मशिनीत घातलं. डॉक्टरीण बाई सुहाद आमच्याच बाजूच्या. त्यांचा बाप मासे विकायचा. त्यामुळं त्या आमच्याशी आमच्या भाषेत बोलल्या.

"हा झटकाच आहे," त्या म्हणाल्या. "अर्धांगाचा असतो तसा. पण डोक्यात नाही, पाठीच्या कण्यात."

मी म्हटलं, "बाई, झटक्यात तोंड वाकडं होतं. ह्यांची जीभ तर सुताराच्या करवतीसारखी चालते."

"चालणारच. डोकं ठीक आहे. कण्यातून एक दोरी खाली जाते, पायांना हुकूम नेते. तिला रक्ताचा पाट लागतो. पुढच्या अंगाला एकच मोठा पाट, मागच्या अंगाला दोन बारके. ह्यांचा पुढचा बुजला. जिथं पाणी नाही तिथलं पीक वाळलं."

"मग उपसा की पाट. आम्ही दरसाल खाडीचे उपसतो."

त्या हसल्या नाहीत. "हा उपसता येत नाही, खलफ भाऊ. सुरुवातीच्या दिवसांत जे परत येईल ते येईल. नाही आलं, तर..." पुढचं त्यांनी हातानं सांगितलं.

मग त्यांनी दाजींचे डोळे मिटवून तपासलं. सुई टोचली, कळलं नाही. बर्फातला चमचा मांडीला लावला, म्हणाले "काहीतरी लागलं," पण गार म्हणून कळलं नाही. कापूस फिरवला, तो कळला. पायाचा अंगठा वर धरला, "वर." खाली धरला, "खाली." एकदाही चुकले नाहीत.

"हेच ते," बाई म्हणाल्या. "मागचे बारके पाट चालू आहेत. स्पर्श कळेल, पाय कुठं आहे ते कळेल. दुखणं, गरम, गार कळणार नाही. आणि पाय हलणार नाहीत." त्यांनी पेनानं बेंबीवर एक आडवी रेघ काढली. इथून खाली सुई कळत नाही, अशी. "ही रेघ खाली सरकली तर आनंद. लक्ष ठेवा."

रेघ सरकली नाही. दाजींना आम्ही घरी आणलं. बोरूच्या छपरात, बागेकडं तोंड करून खाट टाकली. अक्का रोज धुवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. एकदा तिच्या हातून चहाचा पेला कलंडला, मांडीवर. दाजी म्हणाले, "काय ओलं केलंस?" संध्याकाळपर्यंत हाताएवढा फोड आला होता. अक्का तोंडात पदर कोंबून रडली. दाजी म्हणाले, "रडतेस काय, मला कुठं दुखतंय? दुखायचं काम आता तुझ्याकडं."

असे होते. सगळ्यांना हसवायचे. पण मी एकटा असलो की मनगट धरायचे. "खलफ, खोटं बोलू नको. मी उठेन का? मला झाड नको, गाणं नको. मुतायला स्वतःच्या पायानं जाता यावं, एवढंच."

मी म्हणायचो, उठाल. दुसरं काय म्हणणार?

उन्हाळा लागताना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मी मासा साफ करत बसलो होतो.

"पाय चढतायत रे."

"कुठं?"

"झाडावर. डावा, उजवा. आत्ता डावा वर गेला."

मी बघितलं. दोन्ही पाय चादरीवर सरळ पडलेले, बोटं बाहेरच्या अंगाला ढळलेली. माशी बसली होती एका घोट्यावर.

सुहादबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, होतं असं. पाय तुटलेल्यालाही अंगठा खाजतो. मेंदूला सवय असते. त्यांनी पुन्हा डोळे मिटवून अंगठा वर धरला. "सांगा, वर की खाली?"

दाजी म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाचा पाय धरलाय ते मला माहीत नाही. माझा खुंटावर आहे."

बाई हसल्या. पण मग त्यांनी दुसराही पाय तपासला, आणि परत पहिला, आणि काहीतरी लिहून घेतलं.

आता एक सांगतो. खाटेवर पडलेल्या माणसाचे तळपाय लोण्यासारखे होतात. माझा बाप पडून होता, मला ठाऊक आहे. दाजींचे तळपाय दिवसेंदिवस टणक होत गेले. टाचेला नव्या भेगा. अक्का रोज धुवायची आणि रोज त्या भेगांत खुंटांची पिंगट कुसं निघायची, बारीक, केसाळ, झाडावर चढून आल्यावर असतात तशी. वाऱ्यानं येत असतील, मी म्हटलं. बाग समोरच आहे.  त्या दिवसापासून अक्का खूश राहायला लागली.

"पाय काम करतायत त्यांचे," ती मला चुलीपाशी म्हणाली. "इथं नाही तर कुठंतरी करतायत. परत येतील."

"अक्का, असं कुठं असतं?"

"तुला काय कळतंय! तू कधी लग्न तरी टिकवलंस का?"

मी चुलीत लाकूड सारलं.

दाजी मात्र बदलले. आधी सांगताना मजेत सांगायचे. पहिले खुंट ओळखीचे होते, म्हणाले, खाडीकडच्या म्हाताऱ्याचे. मग ते संपले. मग जुन्या पद्धतीनं कापलेले खुंट लागले, आखूड, त्यांच्या आज्यानं कापले असते तसे. मग असे की ते कुठल्या जातीचे तेच कळेना.

"अजून शेंडा नाही?" मी विचारायचो.

"एवढं चढलोय की एव्हाना कुवेतचे दिवे दिसायला हवेत," ते म्हणाले. "आणि झाड बारीक होत नाही, खलफ. झाड वर बारीक व्हायला पाहिजे ना?"

गाणं बंद झालं. खाणं कमी झालं. एकदा दुपारी मला म्हणाले, "मला उतरायचंय. पाय ऐकत नाहीत." झाडावर म्हणाले होते तोच आवाज.

तोडगा अक्कानं काढला. वांझ खजुरीला आमच्यात लगेच तोडत नाहीत, आधी घाबरवतात. एक जण कुऱ्हाड उगारून झाडाकडं धावतो, "ही रांड फळ देत नाही, आज पाडतोच!" दुसरा त्याचा हात धरतो, "अरे सोड, मी जामीन राहतो, येत्या हंगामात देईल." असं रंगवून भांडायचं. झाड ऐकतं. दुसऱ्या वर्षी लगडतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तुम्ही हसा खुशाल.

"झाड घाबरतं, मग पाय का नाही घाबरणार?" अक्का म्हणाली.

कुऱ्हाडीला झायर शनावा आला. बागेतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्यानं जन्मात किती झाडं घाबरवली असतील. तो आधी तयार नव्हता. खाटेशी उकिडवा बसला, दाजींच्या तळपायावरून हात फिरवला, हात नाकाशी नेऊन वास घेतला.

"ही कुसं कुठल्या बागेतली आहेत?" त्यानं विचारलं.

"झायर चाचा, ते विचारू नका, तुम्ही कुऱ्हाड धरा," अक्का म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

भर दुपार होती. खजूर पिकवणारा तो ओला, चिकट वारा सुटलेला. झायर उठला, कुऱ्हाड उगारली आणि असा ओरडला की कोंबड्या पळाल्या. "हे पाय काही देत नाहीत! आज तोडतो, चुलीत घालतो!"

मी त्याचा हात धरला. "सोड, झायर. मी जामीन. हंगामाला ते परत येतील. आले नाहीत तर मला विचार."

अक्का खाटेच्या उशाला दाजींचं डोकं धरून उभी होती. दाजी हसत होते. म्हणाले, "काय तमाशा लावलाय..."

आणि हसायचे थांबले.

"थांबले," ते म्हणाले. "पाय थांबले."

झायरची कुऱ्हाड तशीच वर.

"उतरतायत."

अक्कानं जो हंबरडा फोडला तो आनंदाचा होता. शेजारच्या बाया धावत आल्या, एकीनं लग्नातल्यासारखी जिभेची लकेर काढली. मी झायरला मिठी मारली. त्यानं मला बाजूला केलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि चहासुद्धा न घेता गेला.

पुढचे दिवस आमच्या घरात ईद होती. दाजी जेवायला लागले. उतरणं सोपं, भराभर उतरतोय, म्हणायचे. अनोळखी खुंट संपले, आज्याच्या वेळचे आले. जमिनीला पाय लागला की मी उठतो, नशमिया, माझ्या वहाणा काढून ठेव. तिनं काढून ठेवल्या. तेल लावून, खाटेखाली. गाणंही सुरू झालं, तसंच भसाडं. मी बागेतून ऐकायचो आणि म्हणायचो, ह्यापेक्षा गोड आवाज मी ऐकलेला नाही.

एका दुपारी गाणं थांबलं.

मी आत गेलो. अक्का ताट घेऊन उभी होती.

"खाली खुंट होता," दाजी म्हणाले. "आता तिथं दुसरं काहीतरी आहे."

"जमीन?"

"नाही." त्यांचे डोळे मिटलेले होते. "गोल आहे. केस आहेत."

अक्कानं ताट खाली ठेवलं.

"डोकं आहे रे. कुणाच्या तरी डोक्यावर माझा पाय आहे."

आमच्यात एरवी एका झाडावर एकच माणूस चढतो. दुसरा कुणी आला तर तो खाली थांबतो. वरचा "खाली कोण?" म्हणून हाक देतो, खालचा "मी आहे, ये" म्हणतो, मगच उतरायचं.

दाजींनी हाक दिली. खाटेवरून, छपराकडं बघत, "खाली कोण?"

कुणी ओ दिली नाही.

"जिवंत आहे का?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

दाजींनी नजर छपरावरून पायांकडं वळवली.

"गरम की गार, ते मला कुठं कळतंय?"

मग म्हणाले, "हात. घोट्याला धरलंय."

अक्कानं चादर ओढली. पाय होते तसेच, काडीसारखे, निश्चल. उजव्या घोट्यावरची कातडी आत दबली. एक खळगा. मग शेजारी दुसरा. मग तिसरा. आम्ही कुणी हात लावलेला नव्हता.

सुहादबाई म्हणाल्या, सूज आहे, पडून राहिल्यानं पाणी भरतं. मग त्यांनी सुई घेतली आणि खालून वर टोचत गेल्या. रेघ बेंबीवर होती. आता बरगड्यांपर्यंत कळत नव्हतं. त्यांनी नवी रेघ काढली. 

"हे असं नंतर वर चढत नाही सहसा," त्या म्हणाल्या. पुन्हा मशिनीत घातलं. फोटोत तेवढंच होतं जेवढं पहिल्या दिवशी होतं.

पुढच्या खेपेला रेघ छातीवर गेली.

दाजी आता मला सगळं सांगत नसत. अक्कासमोर तर नाहीच. मी वारा घालायचो तेव्हा हळूच म्हणायचे, "पोटरीवर गुडघा रोवला." दुसऱ्या दिवशी, "कमरेला मिठी मारलीय. वजन फार आहे." एकदा म्हणाले, "त्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही, खलफ. त्याला वर जायचंय. मी मधे आहे एवढंच."

"मग तुम्ही वर चला ना त्याच्या आधी."

"तूच जामीन राहिलास ना, खाली येतील म्हणून?" ते म्हणाले. रागानं नाही. दमलेल्या माणसानं सांगावं तसं.

मी झायरकडं गेलो. म्हटलं, चाचा, पुन्हा कुऱ्हाड घ्या, उलटं सांगू, वर जाऊ द्या म्हणू. तो दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"झाड घाबरवलं तरी कुठं जात नाही, पोरा. जागेवरच असतं," तो म्हणाला. "ह्याला आपण अर्ध्या वाटेवरून माघारी फिरवला. त्या वाटेनं अजून कोण येतंय, ते विचारलं नाही."

खजूर उतरवायच्या दिवसांत दाजींचा श्वास आखूड झाला. बाईंनी पेन काढलं नाही. इस्पितळात नेऊ म्हणाल्या, दाजी नको म्हणाले. बोलायला दम पुरत नव्हता, एकेक शब्द सुटा यायचा. अक्का त्यांचा हात धरून बसली होती. मी पायथ्याशी.

"अहो," ती म्हणाली, "जमीन आली का हो?"

दाजींनी तिच्याकडं बघितलं. मान हलवली. नाही.

मग त्यांचा खांदा खाली गेला. खाट करकरली. मग दुसरा खांदा.

मग पुन्हा पहिला.

थोड्या वेळानं अक्कानं त्यांचे डोळे मिटले.

शेवटची अंघोळ मी आणि झायरनं घातली. बायका बाहेर. बोरीच्या पाल्याचं पाणी, मग कापराचं, मग साधं. झायर ओतत होता, मी चोळत होतो. खांद्यांपाशी आलो आणि माझा हात थांबला. झायरनंही बघितलं. तो ओतत राहिला.

बाहेरून अक्कानं विचारलं, "खलफ, अंग ठीक आहे ना रे त्यांचं? कुठं जखम नाही ना?"

"नाही अक्का," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

उजव्या खांद्यावर एक पाऊल उमटलं होतं, खोल, बोटं छातीकडं, टाच पाठीकडं. पाणी ओतलं की त्यात साचायचं. डाव्या खांद्यावर एकावर एक इतकी होती की मी मोजली नाहीत. मोठी, म्हाताऱ्या माणसांची, बायकांची. सगळ्यात वरचं, सगळ्यात ताजं, माझ्या तळहातात मावलं असतं.